हवेचा हिशेब जमिनीपासून

हवेतून वाहणारे परागकण आणि बुरशीचे बीजाणू कुठून निघतात, किती दूर जातात आणि कुठे उतरतात, याचा अभ्यास करणारी विद्या म्हणजे वायुजीवशास्त्र. परागांच्या प्रसाराचे गणिती मॉडेल बांधणे ही तिची एक शाखा. नव्या वाचकाला तिची ओळख करून देताना मी धर्माबादचे उदाहरण घेतो. नांदेड जिल्ह्यातले, तेलंगणाच्या सीमेवरचे हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. इथे शिंकेचे खापर तिखटाच्या गिरणीवर सहज फुटू शकते. पण गाजर गवत, वावळ, ज्वारी यांचे परागही त्याच हवेत मिसळतात. कोणत्या दिवशी कशाचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजण्याची ही परंपरा मराठवाड्याची स्वतःची आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतल्या कणांच्या अभ्यासाची शाळाच उभी केली. १९७० च्या सुमारास तिथे तयार झालेला टिळक एअर सॅम्पलर मिनिटाला पाच लिटर हवा ओढतो आणि सलग आठ दिवसांची नोंद फिरत्या ड्रमवरच्या चिकट पट्टीवर उमटवतो. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की धूळ वेगळी, पराग वेगळे, बीजाणू वेगळे दिसतात. मात्र यंत्र एका जागेची हवा सांगते. उरलेल्या गावाची हवा समजण्यासाठी मॉडेल लागते.

मॉडेल तीन प्रश्न सोडवते : पराग किती सुटले, वाऱ्याने कुठे नेले, खाली कधी बसले. एक साधा हिशेब करून पाहू. वावळीचा पराग स्थिर हवेत सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर खाली येतो असे धरू. वीस मीटर उंचीवरून निघाला तर जमिनीवर यायला त्याला हजार सेकंद लागतील. वारा सेकंदाला तीन मीटर असेल, तर तेवढ्यात तो तीन किलोमीटर गेलेला असेल. गाजर गवताचा पराग आणखी लहान, सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर उतरणारा. पण तो निघतो मीटरभर उंचीवरून. तिथे वारा मंद, सेकंदाला एक मीटर धरला, तर तो शंभर मीटरवरच बसेल. प्रत्यक्षात उन्हाने तापलेली हवा परागांना कितीतरी वर उचलते, पाऊस त्यांना धुऊन काढतो, म्हणून खरी समीकरणे यापेक्षा गुंतागुंतीची असतात. तरी एवढ्यावरून दिशा कळते : वावळ शिवारापलीकडून गावात येते, गाजर गवताचा त्रास बहुधा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून येतो.

गावात शिरल्यावर वारा बदलतो. भिंती त्याला अडवतात, गल्लीत भोवरे फिरतात, तापलेले सिमेंट हवा वर ढकलते, रस्त्यावर बसलेले पराग वाहनांमुळे पुन्हा उडतात. हे सारे हिशेबात धरणाऱ्या मॉडेलांच्या आधारे युरोपात परागांचे अंदाज रोज प्रसिद्ध होतात. ते किती गरजेचे असतात, हे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नने दाखवले. वादळात गवताचे पराग फुटून त्यांचे बारीक कण लोकांच्या फुप्फुसांत गेले, हजारो लोकांना दम लागला, दहा जण दगावले.

पण युरोपातले बर्च वृक्षाचे मॉडेल उचलून नांदेड जिल्ह्यावर बसवता येणार नाही. इतकेच नव्हे, कोणते पराग कधी हवेत असतात हे सांगणारी मराठवाड्यातली जुनी परागपंचांगेही आज जशीच्या तशी चालणार नाहीत. खरिपात जिथे ज्वारी डोलत होती, तिथे आता सोयाबीन आहे. ज्वारीचे पराग वाऱ्यावर जातात. सोयाबीनचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते, हवेत जवळजवळ काही सोडत नाही. पीक बदलले की हवा बदलते. म्हणून मॉडेलचे पहिले काम संगणकावर नसून बांधावर आहे : कोणते झाड कुठे, कोणते पीक किती एकरांत, फुलोरा कोणत्या आठवड्यात. ही माहिती शेतकऱ्याला आणि गावातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला कोणत्याही उपग्रहापेक्षा नेमकी ठाऊक असते. त्यांच्या नोंदीशिवाय केलेले मॉडेल अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शाखेत येण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. धर्माबाद, बिलोली, नायगावच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी गच्चीवर चिकट काचपट्टी ठेवावी, ती रोज बदलावी, पराग मोजावेत, वारा आणि पाऊस लिहून ठेवावा. सलग तीन वर्षांची अशी प्रामाणिक वही तयार झाली, तर त्या गावाच्या मॉडेलचा पाया घातला गेला असे समजावे. गणित त्यानंतर शिकता येते. नोंदीला मात्र याच हंगामात सुरुवात करा.