वासा : जहाजाच्या लाकडाचे जतन
स्वीडनची युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत ती स्टॉकहोम बंदरात बुडाली. २४ एप्रिल १९६१ रोजी वर काढण्यात आली. बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा टेरेडो हा मृदुकाय प्राणी तग धरत नसल्याने तिचा सांगाडा शाबूत राहिला. पाणी मुरलेले ओकचे लाकूड तसेच वाळवल्यास आकसून तडकते. म्हणून १९६२ ते १९७९ या काळात त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण फवारण्यात आले. हे मेणासारखे द्रव्य पाण्याची जागा घेऊन कोशिकांना आधार देते. पुढे जहाज सावकाश सुकवले. लाकडात साचलेले गंधक आणि गंजलेल्या बोल्टांतील लोह यांमुळे कालांतराने आम्ल तयार होऊ लागले. त्यामुळे १९९० मध्ये उघडलेल्या वासा संग्रहालयात तापमान व आर्द्रता काटेकोरपणे स्थिर राखली जाते.