किती शिट्ट्या?

मराठीत भात शिजवतात, वरण घोटतात, पोळ्या लाटतात. कुकर मात्र 'लावतात'. दिवा लावावा, शिस्त लावावी, तसा कुकर लावायचा. 'कुकर लावलास का?' या प्रश्नाने घराची सकाळ सुरू होते आणि 'कुकर झालाय' या घोषणेनंतर पानं घेतली जातात. परक्या माणसाला वाटावं, ही मंडळी कुकरच खातात की काय! पण लग्न ठरवताना समोरच्याच्या सात पिढ्या उकरणाऱ्या आपण, रोज घरात फुसफुसणाऱ्या या जावयाचं कुळ काही कधी विचारलं नाही.

ते निघालं फ्रेंच. मूळ पुरुष देनी पापँ, जन्म १६४७. शिकला वैद्यकी, रमला यंत्रांत. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक दणकट भांडं मांडलं आणि त्याला नाव दिलं 'डायजेस्टर', म्हणजे पचवणारा. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळायचं नाकारून आणखी तापत जातं. एवढं भांडवल घेऊन पापँ कामाला लागला, ते कशासाठी? हाडं मऊ करायला! १६८१ सालच्या त्याच्या पुस्तकाचा विषयही तोच. भांडं फुटून वैज्ञानिक मऊ होऊ नयेत म्हणून त्याने वजन टांगलेली एक झडप बसवली. आपल्या सेफ्टी व्हॉल्व्हची ती पणजी.

पण आत किती तापलंय, हे कळायचं कसं? सेल्सियसचे अंश यायला अजून साठ वर्षं होती. पापँने झाकणावर एक खळगा ठेवला. त्यात पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो उडून जाईपर्यंत शेजारी टांगलेल्या लंबकाचे झोके मोजायचे. म्हणजे कुकर जन्माला आला तोच शेजारी एक मोजणारा माणूस उभा करून. हा माणूस लक्षात ठेवा. कुकरचा सगळा इतिहास हा खरं म्हणजे या माणसाला तिथून हलवण्याचा इतिहास आहे.

१२ एप्रिल १६८२ रोजी पापँने सोसायटीच्या सभासदांना याच भांड्यातलं जेवण घातलं. जॉन एव्हलिन या सभासदाने रोजनिशीत त्याची साग्रसंगीत नोंद केली आहे. हाडं चीजसारखी मऊ, माशांचे काटेसुद्धा विनातक्रार पोटात, आणि पाण्याचा थेंब न घालता शिजवलेली कबुतरं तर सगळ्यांत सरस. इथवर ठीक होतं. पण या गृहस्थाने हाडांच्या जेलीचा एक पेला घरी बायकोला धाडला, आणि बायका करतात त्या उत्तमातल्या उत्तम जेलीलाही हिने खाली मान घालायला लावली, असं लिहून ठेवलं! बायको काय म्हणाली, ते रोजनिशीत नाही. रोजनिशी नवऱ्याची होती.

वाफेवरून पापँला पुढे इंजिनाची कल्पना सुचली. पण पैसा मात्र कशातूनच सुटला नाही, आणि बिचारा लंडनमध्ये दारिद्र्यात गेला. कुकरने मग सव्वादोनशे वर्षांहून जास्त झोप काढली. आपल्याकडे १९१० च्या सुमारास बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी 'इकमिक कुकर' काढला. खाली कोळसा, वर डब्यावर डबे. दाब नाही, नुसती वाफ. पण एका विस्तवावर सगळं जेवण. डबे रचायची सवय आपल्याला प्रेशरच्या आधीची आहे ती अशी. मग उजाडलं १९५९. हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही त्याच सालचे. एका मांडवात दोन मुंजी लागाव्यात तशी त्यांची सुरुवात.

आणि घरात शिट्टी आली. आतला दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने चढला, पाणी १२० अंशांच्या घरात पोचलं, की वाफ वजन उचलून बाहेर झेपावते. शास्त्र एवढंच. पण आपण त्या शिट्टीचं घड्याळ केलं. वरणाला तीन, छोल्यांना सहा. विस्तव मोठा की बारीक, पाणी किती, कुकर केवढा, असले प्रश्न विचारणारा शास्त्रज्ञ असेल, जेवणारा नव्हे. आमच्या वाड्यात कुणाकडे आज कडधान्य आहे, हे शिट्ट्यांवरून आठही बिऱ्हाडांना कळे. एका बिऱ्हाडी एकदा व्हॉल्व्ह उडाला आणि छतावर आमटीचा नकाशा उमटला. पुढच्या रंगकामापर्यंत आम्ही मुलं त्यात श्रीलंका शोधत असू.

शिट्टीची खरी कामगिरी मात्र निराळीच. मराठी पुरुषाचा स्वयंपाकघरात शिरकाव झाला तो शिट्टीमुळे. 'अहो, तीन झाल्या की बंद करा हं!' एवढं सांगून बाई अंघोळीला जाऊ शकली. पापँचा लंबक नवऱ्याच्या हाती आला. तोही पेपरच्या आडून.

तेवढ्यात तिकडे जपानने मोजणाऱ्यालाच रजा दिली. १९५५ साली तोशिबाने आपोआप बंद होणारा विजेचा भाताचा कुकर आणला. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान शंभरावर चढतं, आणि त्या धक्क्याने बटण बंद होतं. तो बनवला योशितादा मिनामी यांनी. पण थंडीवाऱ्यात, वेळी-अवेळी भात रांधून त्याची परीक्षा घेतली ती त्यांच्या पत्नीने, फुमिकोबाईंनी. १९९१ साली चीनमध्ये विजेच्या प्रेशर कुकरच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि २०१० साली कॅनडातून 'इन्स्टंट पॉट' निघाला. यात दाब आणि तापमान यंत्रच मोजतं आणि वाफेने उसळी घ्यायच्या आतच वीज तोडतं. त्यामुळे शिट्टी नाही.

हा कुकर परदेशातल्या मराठी घरांत जाऊन बसला आणि आमच्या ताईच्या पाकशास्त्राचा पाया हादरला. परवा माझ्या भाचीचा कॅनडातून फोन आला.

"आई, छोल्यांना किती गं?"

"सहा शिट्ट्या."

"अगं, याला शिट्टी नाही. मिनिटं सांग."

"मिनिटं? मिनिटं कोण मोजतंय? आणि झालं ते कळतं कसं?"

"मला नाही कळत. त्याला कळतं. मी ऑफिसातून येईपर्यंत गरमही ठेवतं."

ताई जरा वेळ गप्प राहिली. चाळीस वर्षं शिट्टीसाठी कान टवकारून बसलेली बाई. पोरीला शेगडीपाशी उभं राहावं लागत नाही, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. मग तिने विचारलं,

"बरं, छोले रात्री भिजत कुणी घातले?"

"मीच की."

"आणि ती झाकणाची रिंग कोण धुतं?"

"मीच गं."

"आणि मोजायचं काम तर त्या मशीनने घेतलं. मग जावईबापू काय करतात?"

पलीकडून उत्तर आलं नाही. मागे कुठेतरी बारीकसं 'टिंग' वाजलं. छोले झाले असावेत.