मेन स्ट्रीट: ओस पडलेल्या बाजारपेठेला मॅनेजर का लागला?

अमेरिकेतल्या छोट्या शहरांत जुन्या मुख्य बाजाराच्या रस्त्याला 'मेन स्ट्रीट' म्हणतात. एकमेकींना चिकटलेल्या दोन-तीन मजली विटांच्या इमारती, खाली दुकानं, वर घरं किंवा ऑफिसं. आपल्या पेठांसारखंच चित्र. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हे बाजार ओस पडू लागले.

नेमकं काय झालं?

लोक उपनगरांत राहायला गेले. १९५६च्या कायद्यानंतर देशभर महामार्गांचं जाळं उभं राहू लागलं. त्याच वर्षी मिनेसोटातल्या इडायना इथे 'साउथडेल' हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल सुरू झाला. तिथे पार्किंगला हवी तेवढी जागा होती.

घाबरलेल्या बाजारांनी मग मॉलचीच नक्कल केली. अनेक दुकानदारांनी विटांच्या सुंदर दर्शनी भिंती अॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी झाकल्या. मिशिगनमधल्या कलामाझूने १९५९मध्ये मुख्य रस्त्याचा काही भाग गाड्यांसाठी बंद केला. तिथला आराखडा साउथडेलचे आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन यांचाच होता! पुढे १९९८मध्ये त्यातल्या काही भागात गाड्या पुन्हा सोडाव्या लागल्या.

मग उपाय काय निघाला?

'नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन' या संस्थेने १९७७मध्ये तीन शहरांत प्रयोग सुरू केला: गेल्सबर्ग (इलिनॉय), मॅडिसन (इंडियाना) आणि हॉट स्प्रिंग्ज (साउथ डकोटा). मॉलमधली नक्कल करण्याजोगी गोष्ट त्यांनी बरोबर हेरली, ती म्हणजे व्यवस्थापन. मॉलला एक मालक असतो. दुकानांच्या वेळा, सफाई, जाहिराती, कोणतं दुकान कुठे हवं, हे सगळं एका ठिकाणी ठरतं. बाजारपेठेत पन्नास मालक आणि पन्नास मतं. म्हणून प्रत्येक शहरात एक पूर्णवेळ मॅनेजर नेमला गेला. दुकानदार, बँका आणि नगरपालिका यांना एकत्र बसवायचं, रिकाम्या गाळ्यांना भाडेकरू शोधायचे, पत्रे काढून मूळ भिंती मोकळ्या करायला मालकांना राजी करायचं, ही त्याची कामं. १९८०मध्ये या अनुभवावर 'नॅशनल मेन स्ट्रीट सेंटर' उभं राहिलं.

कामाची दिशा चार सूत्रांत बांधली आहे: संघटन, प्रसिद्धी, इमारती-रस्त्याचं रूप आणि अर्थकारण. एकट्या रंगरंगोटीने गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

पैसा कुठून येतो?

मान्यताप्राप्त ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवरच्या पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा होते. अट अशी, की इमारतीतून उत्पन्न मिळायला हवं. मालक स्वतः राहतो त्या घराला ही सवलत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटला मात्र आहे.

खरी अडचण वरच्या मजल्यांची. खालचं दुकान मोठं करताना अनेकांनी जिनेच काढून टाकले होते. आता वर घरं करायची तर नवा जिना, आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट आणि नवी वायरिंग लागते. छोट्या शहरातल्या भाड्यातून हा खर्च सहज निघत नाही. त्यामुळे खाली झगमगतं कॅफे आणि वर बंद खिडक्या, असं दृश्य सावरलेल्या बाजारांतही दिसतं.