अर्ध्या गोळीचा हिशोब

केमो म्हटले की सलाइनची बाटलीच डोळ्यांसमोर येते. पण लहान मुलांच्या ल्युकेमियात एक औषध महिनोन्‌महिने घरीच तोंडाने द्यावे लागते: ६-मर्कॅप्टोप्युरिन. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतले हे औषध १९५३ पासून वापरात आहे. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले.

गोळी मात्र ५० मिलिग्रॅमची, मोठ्यांच्या मापाची. मुलाला ३० लागले तर? घर भवानी पेठेतले असो की मुंबईतले, आईने गोळी मोडायची किंवा आज अर्धी, उद्या पाऊण असा आठवड्याचा मेळ घालायचा. तुकडे सारखे पडत नाहीत. डोस कमी पडत राहिला तर आजार उलटण्याची भीती, जास्त झाला तर पांढऱ्या पेशी घसरतात.

टाटा मेमोरियल आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमधील डॉक्टरांनी बंगळूरच्या आयडीआरएस लॅब्जसोबत याच औषधाचे पातळ रूप तयार केले. ‘प्रीव्हॉल’ नावाने ते २०२५ मध्ये आले. (युरोपात असे औषध २०१२ लाच मंजूर झाले होते. आपल्याकडे उशीरच झाला.)

पातळ औषध तळाशी बसते, म्हणून बाटली नीट हलवा आणि सिरिंजनेच मोजा. घरातला चमचा नको. गोळी बदलून हे औषध सुरू करायचे असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.