सेवाधर्म, ख्रिस्ती

देवाची कृपा विनामोल मिळते. तिची परतफेड करता येत नाही, पण ती गरजवंतापर्यंत पोहोचवता येते, या श्रद्धेतून केलेली सेवा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात भुकेल्याची, आजाऱ्याची, बंदिवानाची सेवा ही ख्रिस्ताचीच सेवा मानली आहे. महाराष्ट्रातले तिचे तेजस्वी उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). तरुणपणी दुष्काळात आई, वडील व बहीण गमावलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या निराधार मुलींना घेऊन आल्या. रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती सदनात या मुलींना अन्नवस्त्राबरोबर शिक्षण, विणकाम व छपाईचे काम मिळाले. दानापेक्षा स्वावलंबनावरचा हा भर फार मोलाचा. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळे तिथल्याच स्त्रियांनी जुळवले.