राजाचे दुखणे आणि गवयाचा गळा

अमुक कंपनसंख्येचा नाद ऐकवून रोग हटवू, असे सांगणारे आजकाल शहरोशहरी भेटतात. त्यांच्या बैठकीस जाण्यापूर्वी स्पेनचा राजा पाचवा फिलिप याची हकीकत आठवावी.

विषादाने ग्रासलेला हा राजा दाढी करू देईना, कारभार पाहीना. तेव्हा १७३७ मध्ये राणी इसाबेलने लंडन गाजविणाऱ्या फारिनेल्ली या इटालियन गायकास बोलावून शेजारच्या दालनात गावयास लावले. राजा उठला, त्याने दाढी केली व तो मंत्रिमंडळात जाऊन बसला, असे बर्नी हा संगीतेतिहासकार लिहितो.

कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात. इंग्रज वकील कीन याने मात्र १७३८ मध्ये कळविले की, गाणे संपल्यावर राजा त्याच चिजांची नक्कल करीत ओरडत सुटतो. दुखणे गेले नव्हते. रात्रीपुरते हलके होत होते. म्हणून ही मात्रा १७४६ मध्ये राजा वारला तोवर, सुमारे नऊ वर्षे, चालू राहिली.

आणि गवई? परक्या दरबारी वेतन उत्तम, मानही मोठा (आपणां बदलीवाल्यांस हे सुख ठाऊक आहे!), पण जाहीर रंगभूमीवर तो पुन्हा कधीच गायला नाही. १७५९ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या कार्लोसने त्याला निरोप दिला, आणि तो बोलोन्यास जाऊन राहिला.