घर्षण आणि उष्णता संक्रमण

द्रायू (द्रव किंवा वायू) एखाद्या पृष्ठभागालगत वाहू लागला की, दोन घटना एकाच वेळी घडतात. पृष्ठभाग प्रवाहाला विरोध करतो, त्याला द्रायू-घर्षण म्हणतात. आणि दोहोंच्या तापमानांत फरक असल्यास त्यांच्यात उष्णतेची देवघेव होते, तिला संनयनाने होणारे उष्णता संक्रमण म्हणतात. या दोन घटनांच्या मुळाशी बऱ्याच अंशी एकच यंत्रणा असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्षात आले. त्यामुळे घर्षण मोजून त्यावरून उष्णता संक्रमणाचा अंदाज करणे शक्य झाले. या संबंधाला ‘रेनल्ड्झ सादृश्य’ असे नाव आहे.

यांपैकी घर्षणाचा अनुभव फार जुना आहे. नानासाहेब पेशवे (कार. १७४०–६१) यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या दक्षिणेस कात्रज येथे तलाव बांधविला. तेथून शनिवारवाडा व शहरातील हौद यांपर्यंत जमिनीखालून दगडी बांधणीच्या नळाने पाणी आणले. या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्‌वास ठेवलेले होते. पंप नसल्याने पाणी केवळ उताराने वाहत असे. अशा योजनेत तलाव व हौद यांच्या पातळ्यांतील फरक हेच सारे भांडवल असते व ते मुख्यतः नळाच्या भिंतींवरील घर्षणात खर्च होते. कात्रजच्या कारागिरांनी हा हिशेब अनुभवाने केला. उतार, काटछेद व वेग यांचा संबंध सांगणारे सूत्र फ्रेंच अभियंते आंत्वान शेझी (१७१८–९८) यांनी त्यानंतर, सु. १७७० च्या सुमारास, पॅरिसला पाणी आणण्याच्या एका योजनेसाठी मांडले.

उष्णतेचा प्रश्न वाफेच्या बाष्पित्रांमुळे पुढे आला. नळ्यांतून जाणारे तप्त वायू आपली किती उष्णता धातूला देतात, याचा विचार करताना ब्रिटिश अभियंते ऑस्बर्न रेनल्ड्झ (१८४२–१९१२) यांनी १८७४ मध्ये मँचेस्टर येथे एक मूलगामी कल्पना मांडली. प्रवाहातील भोवरे द्रायूचे लहान लहान भाग मध्यातून भिंतीकडे व भिंतीकडून मध्याकडे नेतात. असा भाग भिंतीपाशी आपला संवेग गमावतो, तेच घर्षण होय. त्याच फेरीत तो आपली उष्णताही देतो. तेव्हा वाहक एक असल्याने दोन्ही वाहतुकींचे प्रमाण सारखे असले पाहिजे. पुढे १८८३ मध्ये त्यांनी नळीतील रंगीत धारेच्या प्रयोगांनी स्तरीय व संक्षोभी प्रवाहांतील भेद दाखविला. घनता, वेग व व्यास यांच्या गुणाकारास श्यानतेने (दाटपणाने) भागून मिळणाऱ्या ज्या अंकावर हा भेद अवलंबून असतो, तो रेनल्ड्झ अंक होय. त्यांचे सहकारी टॉमस एडवर्ड स्टँटन (१८६५–१९३१) यांनी १८९७ मध्ये धातू व पाणी यांमधील उष्णता संक्रमणाची मापने प्रसिद्ध केली.

हे अंक परिमाणरहित असल्याने फूट-पौंड वा मीटर-किलोग्रॅम यांपैकी कोणतीही पद्धती वापरली, तरी त्यांची मूल्ये बदलत नाहीत. म्हणून लहान नळीवरील प्रयोग मोठ्या यंत्रास लागू करता येतो. उष्णता संक्रमण गुणांकास घनता, वेग व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागले असता स्टँटन अंक मिळतो. रेनल्ड्झ सादृश्यानुसार तो घर्षण गुणांकाच्या निम्मा असतो.

वायूंच्या बाबतीत हा नियम चांगला जुळतो, द्रवांच्या बाबतीत मात्र तो चुकतो. भिंतीलगतच्या अतिशय पातळ थरात भोवरे पोहोचत नाहीत. तेथे संवेग श्यानतेमुळे व उष्णता संवहनाने जाते आणि या दोहोंचे प्रमाण प्रत्येक पदार्थात निराळे असते. हे प्रमाण दर्शविणारा प्रांट्‌ल अंक हवेसाठी सु. ०.७, तर २०° से. तापमानाच्या पाण्यासाठी सु. ७ आहे. या थराचा विचार लूटव्हिख प्रांट्‌ल यांनी १९१० मध्ये आणि जी. आय्. टेलर यांनी १९१६ मध्ये स्वतंत्रपणे केला. टेओडोर फोन कार्मान यांनी १९३९ मध्ये त्यात आणखी सुधारणा केली. अमेरिकन रासायनिक अभियंते ॲलन फिलिप कोलबर्न यांनी १९३३ मध्ये सुचविलेला उपाय सोपा आहे : स्टँटन अंकास प्रांट्‌ल अंकाच्या दोन-तृतीयांश घाताने गुणावे, म्हणजे गुणाकार घर्षण गुणांकाच्या निम्म्याइतका येतो. उदा., गुळगुळीत नळीत रेनल्ड्झ अंक १,००,००० असता घर्षण गुणांक सु. ०.००४५ असतो. मूळ नियमाने स्टँटन अंक सु. ०.००२२ येईल, पाण्यासाठी कोलबर्न यांच्या नियमाने तो सु. ०.०००६ येतो व प्रत्यक्ष मापनांच्या बराच जवळ असतो.

कात्रज येथेच पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची दुग्धशाळा आहे. दुग्धशाळांतील पाश्चरीकरणात या नियमाचे मोल व त्याच्या मर्यादा दोन्ही दिसतात. अखंड प्रवाहाच्या पद्धतीत दूध पन्हळी पत्र्यांमधून वाहताना तापविले जाते आणि किमान ७२° से. तापमानाला १५ सेकंद ठेवले जाते. पन्हळींमुळे भोवरे वाढून उष्णता लवकर पोहोचते. पण पन्हळींच्या आकारामुळे दाबाचा जो जादा ऱ्हास होतो, त्याच्या प्रमाणात उष्णता संक्रमण वाढत नाही व सादृश्य मोडते. शिवाय काही तासांत पत्र्यांवर दुधातील प्रथिने व खनिजे यांचे पुट चढते. वाट अरुंद होऊन दाबाचा ऱ्हास वाढतो, पुट उष्णतेस अडविते आणि संक्रमण मात्र घटते. वाढलेला दाब पाहून उष्णताही अधिक पोहोचत असेल, असे मानल्यास दूध अपुरे तापण्याचा धोका असतो. म्हणून तापमान स्वतंत्रपणे मोजतात आणि कमी तापलेले दूध स्वयंचलित झडपेने परत फिरवितात.

कात्रजच्या जुन्या नळात घर्षण ही केवळ हानी होती. उष्णता विनिमयकात ती मिळणाऱ्या उष्णतेची किंमत असते. ही किंमत आधीच अजमाविता येणे हे रेनल्ड्झ सादृश्याचे महत्त्व होय. मात्र पृष्ठभाग स्वच्छ व प्रवाह त्याला धरून वाहणारा असेल, तरच तो अंदाज भरवशाचा ठरतो.